वाचकांचे प्रश्न : भर समुद्रात दम टाकणारे आउटबोर्ड इंजिन

प्रश्न : माझी फायबरची प्रवासी होडी असून तिला ४० अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून बसवलेले) इंजिन आहे. देवबागच्या किनाऱ्यावरून निघाल्यावर कर्ली खाडीत इंजिन उत्तम चालते. खाडीच्या मुखाबाहेर पडून पूर्ण रेस दिली की काही वेळाने त्याची ताकद हळूहळू उतरते, इंजिन गचके खाते आणि होडीचा वेग निम्म्यावर येतो. रेस कमी केली की ते थोड्या वेळात सावरते, पण पुन्हा पूर्ण रेस दिली की परत तेच. पर्यटक जास्त असले किंवा टाकी काठोकाठ भरलेली असली, तर हे लवकर होते. प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटर दोनदा साफ करून घेतला. गॅरेजमध्ये पाण्याच्या पिंपात लावल्यावर मात्र इंजिन एकदाही कुरकुरत नाही. आता सीडीआय, म्हणजे प्लगची ठिणगी नेमक्या वेळी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा, बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. टाकी आणि नळी गेल्याच हंगामात नवी घेतली असल्यामुळे त्या बाजूची शंका नाही. सीडीआयवर खर्च करावा का?
— एक होडीमालक, देवबाग (ता. मालवण)

उत्तर : सीडीआय आत्ताच घेऊ नये. आपल्या पत्रातली सगळी लक्षणे इंजिनाला पेट्रोल अपुरे मिळत असल्याची आहेत आणि आपण ज्या बाजूची शंका नाही म्हणता, नेमकी तीच बाजू अजून तपासायची राहिली आहे.

विजेच्या बाजूचा बिघाड आणि पेट्रोलच्या बाजूचा बिघाड यांच्यातला फरक ताकद जाण्याच्या पद्धतीवरून बऱ्याच अंशी ओळखता येतो. सीडीआय, स्टेटर (ठिणगीसाठी वीज तयार करणारी गुंडाळी) किंवा इंजिन बंद करण्याच्या दोरीचा स्विच यांत दोष असेल, तर इंजिन बटण दाबल्यासारखे एकदम बंद होते, किंवा एखादा सिलिंडर अचानक सुटून इंजिन थरथरू लागते. कॉइल तापून नादुरुस्त होत असेल, तर ती निवेपर्यंत पुन्हा काम करीत नाही आणि तिला निवायला बराच वेळ लागतो. रेस कमी करताच काही सेकंदांत ती पूर्ववत झाली, असे सहसा घडत नाही. आपले इंजिन हळूहळू उतरते आणि मागणी कमी करताच सावरते. याचा अर्थ ठिणगी पडते आहे, पण जाळायला पुरेसे पेट्रोल पोहोचत नाही.

आता पिंपातल्या चाचणीविषयी. या आकाराचे टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण रेसवर तासाला साधारण १८ लिटर पेट्रोल पिते असे धरले, तर दर सेकंदाला ५ मिलीलिटर पेट्रोल नळीतून यायला हवे. पिंपात इंजिनावर भार नसतो आणि रेसही मर्यादित ठेवावी लागते, त्यामुळे तेथे याच्या अगदी थोड्या भागावर त्याचे भागते. अर्धवट तुंबलेली नळीसुद्धा तेवढे पेट्रोल सहज देते. खाडीत सावकाश चालताना तक्रार नसण्याचे कारणही तेच आहे. बाहेर पडून पूर्ण रेस दिली की कार्बोरेटरच्या वाटीत साठलेल्या पेट्रोलवर इंजिन काही सेकंद जोरात चालते, मग वाटीत येणारे पेट्रोल जाणाऱ्यापेक्षा कमी पडते, वाटी रिकामी होत जाते आणि इंजिन मान टाकते. रेस कमी केली की वाटी पुन्हा भरते. पर्यटक जास्त असताना तोच वेग राखायला रेस अधिक द्यावी लागते, म्हणून तेव्हा तक्रार लवकर येते. पिंपात इंजिन नीट चालले म्हणून ते निर्दोष आहे, असा निष्कर्ष या प्रकारच्या तक्रारीत कधीच काढू नये.

टाकी काठोकाठ असताना हे लवकर होते, हा आपण नोंदवलेला तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो. सुट्या टाकीच्या झाकणावर हवा आत येण्यासाठी एक छोटा स्क्रू असतो. होडी चालू असताना तो सैल आणि टाकी उचलून नेताना घट्ट ठेवायचा असतो. तो बंद राहिला, किंवा त्याचे भोक मिठाने आणि वाळूने भरले, तर जितके पेट्रोल बाहेर जाते तितकी हवा आत येत नाही आणि टाकीत निर्वात तयार होऊ लागतो. टाकी अर्धी रिकामी असेल, तर आतली भरपूर हवा प्रसरण पावून काही काळ वेळ निभावून नेते. काठोकाठ भरलेल्या टाकीत मात्र वर जेमतेम बोटभर हवा असते, त्यामुळे दोन-तीन लिटर पेट्रोल गेल्याबरोबर ओढ जाणवू लागते आणि इंजिनाचा पंप त्या ओढीपुढे हरतो. टाकी नवी असल्यामुळे हा दोष टळत नाही. नव्या टाकीवर स्क्रू अधिक घट्ट बसलेला असतो आणि तो सैल करायचा असतो हे सांगायचे विक्रेत्याकडून पुष्कळदा राहून जाते.

पुढच्या वेळी ताकद उतरू लागताच झाकण थोडे सैल करावे. ‘फस्स’ असा आवाज होऊन हवा आत गेली आणि काही सेकंदांत इंजिन उचलले, तर निदान पूर्ण झाले. झाकणाचा भाग गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, भोक मोकळे करून घ्यावे. ते मोकळे होत नसेल, तर झाकणच बदलावे. टाकीला हात घालताना जवळपास कोणीही विडी-सिगारेट पेटवू नये, हे वेगळे सांगायला नकोच.

आवाज झाला नाही, तर त्याच क्षणी नळीवरचा रबरी फुगा, ज्याला मेकॅनिक प्रायमर म्हणतात, तो हातात घेऊन पाहावा. यासाठी होडीत दोन माणसे हवीत, एक सुकाणूवर आणि दुसरा फुग्यापाशी. किनाऱ्यावर परत आल्यानंतर केलेली तपासणी येथे उपयोगाची नाही, कारण तोपर्यंत सगळे पूर्ववत झालेले असते. फुगा आत ओढला जाऊन चपटा झाला असेल, तर अडथळा फुगा आणि टाकी यांच्या दरम्यान आहे. तो मऊ पडला असेल आणि हाताने दाबत राहिल्यावर इंजिन सावरत असेल, तर कुठून तरी हवा शिरते आहे, फुग्यातली झडप कामातून गेली आहे किंवा इंजिनावरचा पंप अशक्त झाला आहे. फुगा भरलेला व टणक असूनही इंजिन दम टाकत असेल, तरच दोष फुग्याच्या पुढे, म्हणजे इंजिनावरचा फिल्टर, तिथल्या नळ्या किंवा कार्बोरेटर यांत शोधावा. आपण कार्बोरेटर दोनदा साफ केला आहे, पण त्याआधी हा फुगा कोणी हातात घेऊन पाहिल्याचा उल्लेख पत्रात नाही.

फुगा चपटा होत असेल आणि झाकणाचे भोक मोकळे असेल, तर टाकीतल्या ओढनळीच्या टोकाची जाळी काढून पाहावी. होडी वाळूत लावून, वाऱ्यावर झाकण उघडून पेट्रोल ओतले जाते, तेव्हा वाळूचे कण आणि प्लास्टिकच्या कॅनमधला कचरा टाकीत जातोच. पूर्ण ओढीला तो जाळीवर येऊन चिकटतो आणि ओढ कमी झाली की गळून पडतो, म्हणून टाकी वरवर हलवून पाहिली तर काहीच सापडत नाही. नळीची आतली बाजूही तपासावी. पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल सहन न होणाऱ्या हलक्या रबराचे आतले अस्तर सुटते आणि ओढीबरोबर पडद्यासारखे आडवे येते. बाहेरून अशी नळी अगदी नवी दिसते. नळीचा तुकडा कापून आत पाहिल्याशिवाय हे कळत नाही, त्यामुळे शंका असेल तेथे नळी बदलणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. घेताना पेट्रोलसाठीच बनवलेली आणि इथेनॉलला टिकणारी, निदान ८ मिलिमीटर आतील व्यासाची नळी घ्यावी.

हवा शिरण्याचा दोष अधिक चकवतो. इंजिन चालू असताना नळीत दाब नसून ओढ असते, त्यामुळे सांध्यात फट असली तरी पेट्रोल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत जाते. कुठेच गळती दिसत नाही म्हणून नळी चांगली, असे समजले जाते ते यामुळेच. फुगा जोराने दाबून धरला तर फुग्यापासून इंजिनापर्यंतच्या भागात दाब येतो आणि तिथली फट ओलसर होऊन दिसते, पण टाकीकडच्या भागात तसा दाब येत नाही. म्हणून इंजिनाला जोडण्याच्या क्लिपमधली छोटी रबरी ओ-रिंग दर हंगामाला बदलावी आणि नळीवरचे क्लॅम्प एकेक करून घट्ट करावेत. चाचणीपुरता फुगा आणि इंजिन यांच्यामध्ये पेट्रोलला चालणाऱ्या पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा घालता आला, तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. तपासणी झाल्यावर तो तुकडा काढून टाकावा, कारण उन्हात तो कडक होऊन तडकतो.

ही सगळी बाजू एकाच चाचणीत निकालात काढायची असेल, तर शेजारच्या होडीची चांगली चालणारी टाकी तिच्या नळी, फुगा आणि क्लिपसह मागून घ्यावी व नेहमीच्या भाराइतके वजन ठेवून बाहेर एक फेरी मारावी. क्लिप आपल्या इंजिनाला बसते का, हे आधी पाहावे. तक्रार आली नाही, तर आपले इंजिन निर्दोष आहे. आली, तर इंजिनावरचा पेट्रोल पंप उघडावा. टू-स्ट्रोकचा हा पंप क्रँककेसमधल्या, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीतल्या, दाबाच्या ठोक्यांवर चालतो. त्यातला पातळ पडदा ताणला किंवा टाचणीच्या टोकाएवढा फाटला, तरी कमी रेसवर तो पुरतो आणि पूर्ण रेसवर पुरत नाही. पडद्याची किट सीडीआयच्या मानाने अगदी स्वस्त असते. इतके करूनही दोष राहिला, तर मगच ठिणगी तपासायला घ्यावी आणि तीही प्लग व वायर यांच्यामध्ये लावायच्या टेस्टरने, दोष येत असतानाच.

एक गोष्ट मात्र उद्यापासूनच करावी. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधून मिळते. पन्नासास एक या प्रमाणात, म्हणजे लिटरला २० मिलीलिटर ऑइल मिसळले असले, तरी पेट्रोल कमी पोहोचले की ऑइलही कमी पोहोचते. शिवाय कमी पेट्रोलचे मिश्रण अधिक तापते. अशा अवस्थेत पूर्ण रेसवर रेटत राहिले, तर पिस्टन जळतो किंवा सिलिंडरमध्ये अडकतो आणि चाळीस रुपयांच्या रबरी रिंगसाठी सगळे इंजिन खोलावे लागते. प्लग काढून पाहावेत : फिकट तपकिरी रंग ठीक, पांढरेफटक दिसले तर इंजिन आधीच तापते आहे. दोष सापडेपर्यंत होडीत पर्यटक घेऊ नयेत. चाचणीची फेरीही वारा समुद्राकडे ओढत नसेल अशा वेळी, लाइफ जॅकेट घालून, नांगर आणि वल्ही बरोबर घेऊनच मारावी. तटरक्षक दलाचा आपत्कालीन क्रमांक १५५४ हा होडीवरच्या प्रत्येकाला पाठ असावा.

प्रश्न : इंजिनाचा आवाज वाढतो, फेऱ्या वाढतात, पण होडी पुढे सरकत नाही. कमी रेसवर सर्व ठीक आहे. क्लच गेला असेल का?
— दाभोळ

उत्तर : आधी पंखा तपासावा. पंख्याच्या मध्यभागी एक रबरी बुश असते. पंखा खडकावर आपटला तर गिअर वाचावेत म्हणून ती सटकण्याचीच सोय असते. एकदा सटकलेली बुश कमी जोरावर धरते आणि जास्त जोरावर घसरते. इंजिन बंद करून आणि चावी काढून घेऊन पंख्याच्या आतल्या नळीवर व बाहेरच्या भागावर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढावी आणि पूर्ण रेसवर एक फेरी मारून यावे. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले, तर दोष बुशचाच आहे. रेघ सरळ राहिली, तर पंख्याला जाळे किंवा प्लास्टिक गुंडाळले आहे का आणि इंजिन होडीवर फार उंच बसवले गेले आहे का, हे पाहावे. गिअरपेटी त्यानंतर उघडावी.

प्रश्न : माझे इंजिन फोर-स्ट्रोक आहे. ओहोटीला वाळूच्या पट्ट्यावरून होडी काढल्यापासून पंधरा-वीस मिनिटांनी बझर वाजतो आणि इंजिन हळू होते. मग कितीही रेस दिली तरी फेऱ्या वाढत नाहीत. बंद करून थोड्या वेळाने सुरू केले की पुन्हा ठीक चालते.
— चापोरा, गोवा

उत्तर : येथे इंजिनाची ताकद गेलेली नाही, इंजिनाने ती स्वतःहून आवरती घेतली आहे. तापमान वाढले किंवा ऑइलचा दाब उतरला की अनेक फोर-स्ट्रोक इंजिने फेऱ्या साधारण २,००० वर आणून ठेवतात. बझर वाजत असताना रेस देत राहणे किंवा बझरची वायर काढून ठेवणे हे इंजिनाच्या जिवावर बेतणारे आहे, आणि बंदरांवर हे सर्रास केले जाते म्हणून येथे स्पष्ट लिहितो.

इंजिन बंद करून प्रथम ऑइलची पातळी पाहावी, इंजिन सरळ उभे असताना. पातळी कमी असेल तर कारण उघड आहे. पातळी वाढलेली असेल आणि ऑइल मोजायच्या काडीला पेट्रोलचा वास येत असेल, तर कार्बोरेटरवाल्या इंजिनात पेट्रोल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरते आहे असे समजावे आणि ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये.

पातळी बरोबर असेल, तर वाळूचा इतिहास पाहता पाण्याच्या पंपावर संशय घ्यावा. इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली आहे का, ते पाहावे. ती बारीक असेल तर इंजिन बंद असताना त्या छोट्या तोंडात नायलॉनचा जाड दोरा घालून वाळू काढावी, कारण पुष्कळदा तेवढेच तुंबलेले असते आणि आतले पाणी नीट फिरत असते. धार तरीही सुधारली नाही, तर खालचा भाग उतरवून पंपातले रबरी चक्र, म्हणजे इम्पेलर, काढून पाहावे. वाळू त्याच्या पात्यांच्या कडा झिजवते आणि त्याखालच्या स्टीलच्या पत्र्यावर गोल चरे पाडते. बोटाच्या नखाला चरा लागत असेल, तर पत्राही बदलावा, नुसते नवे चक्र घालून पाण्याचा दाब येत नाही. एखादे पाते तुटलेले असेल, तर त्याचा तुकडा सापडलाच पाहिजे. तो वरच्या पाण्याच्या वाटेत अडकून राहिला, तर नव्या पंपानंतरही इंजिन तापत राहते. धार जोरदार असूनही बझर वाजत असेल, तर थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप, मिठाने अडकला आहे का, ते पाहावे. वाळूच्या खाडीत चालणाऱ्या होडीने हे चक्र वर्षातून एकदा बदलावे आणि रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने इंजिन धुवावे. पाण्याशिवाय इंजिन सुरू करून पाहण्याची सवय मात्र सोडावी, कारण कोरडे फिरलेले चक्र काही सेकंदांतच जळू लागते.

प्रश्न : मे महिन्याच्या शेवटी होडी वर ओढून ठेवली. टाकीत अर्धे पेट्रोल होते. सप्टेंबरमध्ये इंजिन सुरू तर झाले, पण ते मध्येच मिस मारते आणि पूर्ण रेस घेत नाही. टू-स्ट्रोक आहे. त्याच पेट्रोलमध्ये नवे भरून चालेल का?
— हर्णै (ता. दापोली)

उत्तर : चालणार नाही. आपल्याकडे २०२५ पासून पंपावर सर्वत्र २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. कोकणातला पावसाळा आणि अर्धी रिकामी टाकी हा त्यासाठी सर्वांत वाईट योग आहे. पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपुढे गेले की इथेनॉल पाण्याला घेऊन पेट्रोलपासून वेगळे होते आणि तळाशी जाऊन बसते. टू-स्ट्रोकचे ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहते. ओढनळीचे टोक तळाशी असल्यामुळे इंजिनाला पहिल्यांदा मिळतो तो हाच खालचा थर, ज्यात पाणी आहे आणि ऑइल जवळजवळ नाही. म्हणून आता इंजिन अजिबात सुरू करू नये.

टाकीच्या तळातले पेट्रोल एका स्वच्छ काचेच्या बरणीत काढून अर्धा तास स्थिर ठेवावे. खाली वेगळा थर किंवा गढूळ रेष दिसली, तर सगळे पेट्रोल बाहेर काढावे, टाकी पुसून वाळवावी, नळी व फुगा रिकामा करावा, कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू काढून ती निथळू द्यावी आणि कार्बोरेटरमधली पेट्रोलची बारीक भोके, म्हणजे जेट, साफ करून घ्यावेत. काढलेले पेट्रोल खाडीत किंवा वाळूत ओतू नये. गॅरेजमधून जुने ऑइल नेणाऱ्याकडे ते द्यावे. थर दिसला नाही, तरी तीन महिने उघड्या टाकीत राहिलेले पेट्रोल वापरण्यात बचत नाही. बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे लिहिलेले असते, त्यामुळे २० टक्क्यांच्या पेट्रोलवर जुन्या इंजिनाचे मिश्रण मुळातच थोडे कमी पेट्रोलचे होते आणि जुनी रबरे लवकर फुगतात. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळे करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर बसवावा. त्याची खालची वाटी पारदर्शक असेल तर रोज सकाळी निघण्यापूर्वी नुसती नजर टाकली तरी पाणी दिसते. पुढच्या मे महिन्यात होडी वर घेताना टाकी पूर्ण रिकामी करून, नळी काढून, इंजिन वाटीतले पेट्रोल संपून आपोआप बंद होईपर्यंत पाण्यात चालवावे आणि मगच झाकून ठेवावे.